दुर्बीण गावात कधीच आली होती

‘वय झालं की होतंच असं.’

या वाक्याचा मला राग आहे. गोंदियात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना सहा वर्षांत हे वाक्य मी नवऱ्यांकडून ऐकलं, सासवांकडून ऐकलं, औषधाच्या दुकानदाराकडून ऐकलं, आणि हो, डॉक्टरांकडूनही ऐकलं. विषय दर वेळी एकच असतो. खोकलं, शिंकलं, हसलं, तांदळाचा कट्टा उचलला की लघवी सुटते.

हे सांगायला बायका माझ्याकडे येत नाहीत. त्या कंबर दुखते म्हणून येतात, गुडघा धरला म्हणून येतात. शेक घेतात, व्यायाम शिकतात, पैसे देतात, चपला घालतात, आणि दाराच्या कडीवर हात ठेवून म्हणतात, ‘म्याडम, एक गोष्ट होती. खोकलली का लुगडं वलं होते.’ मग मी त्यांना परत बसवते. काही साठीच्या असतात. काही पंचविशीच्या. एक तर पोलीस भरतीची तयारी करणारी, लग्न न झालेली मुलगी होती. आठशे मीटरच्या शेवटच्या फेरीत होतं म्हणाली, म्हणून ग्राउंडच्या दिवशी सकाळपासून पाण्याचा थेंब घेत नाही. तिला काय सांगायचं, वय झालं?

स्वीडनमध्ये २००२ साली ३५ ट्रॅम्पोलिनपटू मुलींची एक पाहणी प्रसिद्ध झाली. मुली १२ ते २२ वर्षांच्या, एकीचंही बाळंतपण झालेलं नव्हतं. त्यांतल्या ८० टक्के मुलींची सरावात लघवी सुटत होती. वयावर ढकलायचं असेल तर आधी याचं उत्तर द्या.

शरीरात काय घडतं ते साधं आहे. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय तिच्यावर तोललेले. खोकला आला की वरून दाब येतो, झोळी आवळते, लघवीची नळी दाबून बंद राहते. बाळंतपणात ही झोळी ताणते, कधी फाटते. जुना खोकला, बद्धकोष्ठ, वर्षानुवर्षं डोक्यावर वाहिलेलं ओझं, पाळी गेल्यावर पातळ होत जाणारे पडदे, असं एकेक तिच्यावर चढत जातं. मग एक दिवस ती वेळेवर आवळत नाही.

आता आमच्या जिल्ह्यातली बाई डोळ्यांपुढे आणा. जुलैत ती रोवणीला दिवसभर बांधीतल्या पाण्यात वाकलेली असते. रोवणीत कोणाचं काही कळत नाही, कारण सगळ्याच ओल्या असतात. (एका बाईने मला हे हसत सांगितलं. रोवणीचे दिवस तिला म्हणे बरे वाटतात.) खरी अडचण दिवाळीच्या आसपास येते, धान कापून भारे खळ्यावर न्यायचे असतात तेव्हा. कोरडं रान, कोरडं लुगडं, डोक्यावर भारा, मागे दहा माणसं. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याला पहाटे जंगलात जायचं, पुडक्यांचं ओझं घेऊन यायचं. चिचगड किंवा केशोरीकडून गोंदियाला यायचं तर एसटीत किती वेळ जाणार ते धरून आदल्या रात्रीपासून पाणी बंद. पाणी बंद केल्याने लघवी घट्ट होते, मूत्राशय जास्त चिडतं, जळजळ होते, आणि त्रास वाढतो. लग्नाला जायचं बंद होतं, पूजेला बसायचं बंद होतं, एका खाटेवर झोपायचं बंद होतं. कारण कोणी विचारत नाही.

घरातल्या पुरुषाची लघवी अडली तर काय होतं ते मात्र आठवून पाहा. घर हलतं. गाडी ठरते, नागपूर गाठलं जातं, प्रोस्टेटचं ऑपरेशन होतं, तेही बाहेरून एक छेद न देता नळीतूनच, आणि पुढचा महिनाभर बुवा पारावर बसून सगळ्यांना सांगतात कसं झालं ते. त्यांना लाज वाटावी असं मी म्हणत नाही. बायकांनाही हा पार मिळावा एवढंच म्हणते आहे.

विचारलं तर बायका सांगतात, हे आमच्या शेजारच्या जिल्ह्याने जगाला दाखवून दिलं. गडचिरोलीत राणी बंग आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. ‘लॅन्सेट’मध्ये १९८९ साली ते छापून आलं. ९२ टक्के बायकांना कोणता ना कोणता स्त्रीरोग निघाला, सरासरी काढली तर एकेकीला साडेतीनहून जास्त. त्याआधी अंगावर तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. तोवर ‘स्त्री आरोग्य’ म्हणजे गर्भार बाई आणि पाळणा लांबवणारी बाई, एवढंच धरलं जायचं. ती दोन्ही कामं संपली की बाईच्या ओटीपोटाशी सरकारचं काही देणंघेणं नव्हतं. त्याला पस्तीस वर्षं उलटून गेली. आज आयुष्मान भारतमध्ये तिशीवरच्या प्रत्येकाचा फॉर्म आशाताई घरी जाऊन भरतात. तंबाखू खाता का, कमरेचा घेर किती, छातीत गाठ आहे का, पाळी नसताना रक्त जातं का. चांगले प्रश्न आहेत. लघवी सुटते का, हा त्यात नाही.

आणि इथे मला शीर्षकातल्या दुर्बिणीकडे यायचं आहे. छोट्या छेदाची, टाका न दिसणारी, दुसऱ्या दिवशी घरी पाठवणारी शस्त्रक्रिया हल्ली मोठी नवलाई म्हणून विकली जाते. नागपूरच्या रस्त्यांवर फलक असतात, मोबाइलवर रील येतात. आमच्या गावातल्या बायकांना त्यात नवल ते काय? ‘दुर्बिणीचं ऑपरेशन’ हा शब्द आमच्या आज्यांना ठाऊक आहे. बेंबीजवळ एक छोटा छेद, आत दुर्बीण, दोन्ही नळ्यांवर रिंगा, संध्याकाळी जीपने घरी. गेली चार दशकं हे तंत्र प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचलेलं आहे. वीज नव्हती तिथे पोहोचलं, रस्ता नव्हता तिथे पोहोचलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या विवाहित बायकांपैकी निम्म्याच्या आसपास जणींची नसबंदी झालेली दिसते. पुरुषांचा आकडा एक टक्काही भरत नाही.

पोहोचलं ते कसं, तेही लक्षात ठेवायला हवं. आमच्याच रेल्वे लाइनवर, रायपूरच्या पुढे बिलासपूर आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिथल्या एका शिबिरात एकाच डॉक्टरने काही तासांत ८३ बायकांच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया उरकल्या. त्या आणि लगतच्या शिबिरांतल्या मिळून किमान १३ बायका दगावल्या. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करा असं सांगितलं.

तेव्हा ‘ग्रामीण भागात आधुनिक शस्त्रक्रिया पोहोचणं अवघड आहे’ हे मला कोणी सांगू नये. सरकारला बाईची मुलं थांबवायची होती तेव्हा दुर्बीण जंगलातून, चिखलातून वाट काढत आली. बाईला कोरडं राहायचं आहे म्हटल्यावर तीच दुर्बीण १३० किलोमीटरवर नागपुरात थांबते आणि पैसे आहेत का विचारते.

पण छोट्या छेदाची शस्त्रक्रिया उद्या आणून ठेवली की प्रश्न सुटला, असंही मी म्हणत नाही. माझं भांडण नेमकं इथे आहे. आपल्याकडे एकतर बाईला काहीच मिळत नाही, नाहीतर एकदम ऑपरेशन मिळतं. मधलं सगळं गायब.

माझ्या मावशीची फाइल माझ्यासमोर आहे. मावशी आमगाव तालुक्यातली. नाव, दवाखाना काही लिहीत नाही, कारण या फाइलीतलं बहुतेक सगळं मी इतर बायकांच्या फायलींतही पाहिलं आहे. ३८व्या वर्षी एका खासगी दवाखान्यात तिचं गर्भाशय काढलं. तक्रार काय होती? पांढरं जातं आणि लघवी सुटते. ‘पिशवी खराब झाली आहे, काढून टाकू, सगळं थांबेल.’ लघवी थांबली नाही. गर्भाशय काढल्याने ती थांबायचं काही कारणही नव्हतं. बीड जिल्ह्यात २०१९ साली ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं, तेव्हा आपण सगळे हादरलो. मग विसरलो. ‘पिशवी काढा’ हे आपल्याकडे नाभीखालच्या प्रत्येक तक्रारीवरचं एकच उत्तर होऊन बसलं आहे. आणि हे त्या राज्यात, जिथे मुंबईत डॉ. शिरोडकर आणि डॉ. पुरंदरे यांनी गेल्या शतकाच्या मध्यावर खाली उतरलेलं गर्भाशय न काढता पट्टीने उचलून धरायच्या शस्त्रक्रिया बसवल्या, ज्या आजही त्यांच्या नावाने शिकवल्या जातात.

असो. सात वर्षांनी मावशीला नागपुरात पट्टी बसवली. धानाचे पैसे आणि बचत गटाचं कर्ज असं मिळून जमवाजमव झाली. दीड वर्ष बरं गेलं. मग पुन्हा लुगडं ओलं. ती परत दाखवायला गेली तेव्हा सांगण्यात आलं, ऑपरेशन तर यशस्वी झालं होतं, आता वयानुसार थोडं होणार. तिच्या नव्या कागदावर आता ‘रिकरंट’ असा शब्द आहे. म्हणजे पुन्हा उद्भवलेली.

या एका शब्दात काय काय दडवलं जातं ते समजून घ्या, कारण उद्या तुमच्या आईच्या कागदावर तो येऊ शकतो.

लघवी सुटण्याचे प्रकार वेगवेगळे आहेत. एक मी वर सांगितला, दाबाने सुटणारी. दुसऱ्यात दाबाचा संबंध नसतो. मूत्राशय न सांगता आवळतं. नळाचं पाणी वाजलं, कुलूप उघडायला किल्ली काढली की अशी घाई होते की मोरीपर्यंत पोहोचता येत नाही. पुष्कळ जणींना हे दोन्ही एकत्र असतात. तिसरा प्रकार फिस्टुलाचा. अडलेल्या बाळंतपणात किंवा गर्भाशय काढताना इजा होऊन मूत्राशय आणि योनिमार्ग यांच्यामध्ये भोक पडतं आणि लघवी रात्रंदिवस ठिबकत राहते. त्याची शस्त्रक्रिया पूर्ण निराळी. पट्टी असते ती पहिल्या प्रकारासाठी. घाईच्या प्रकाराला ती बसवून उपयोग नाही, उलट घाई वाढू शकते.

म्हणजे ‘पुन्हा उद्भवली’ याचे तीन अर्थ होऊ शकतात. खरोखर गेली आणि परत आली, कारण पट्टी सैल बसली, सरकली, किंवा आतल्या उती आणखी कमकुवत झाल्या. किंवा गेलीच नव्हती, अर्धीच गेली होती. किंवा आजारच दुसरा होता. तिन्हींचे उपाय वेगळे. कोणता अर्थ आपल्या बाईला लागू आहे हे ठरवायचं तर पहिल्या शस्त्रक्रियेआधीची नोंद हवी. मावशीच्या फाइलीत रक्ताचे रिपोर्ट आहेत, सोनोग्राफी आहे, ईसीजी आहे, बिलं तर शिस्तीत लावलेली आहेत. खोकून दाखवायला सांगितलं का, त्याची ओळ नाही. दिवसातून किती वेळा, कधी, काय करताना सुटते, याची नोंद नाही. घाई होते का, हा प्रश्न विचारल्याची खूण नाही. आणि सगळ्यात संतापजनक म्हणजे डिस्चार्ज कार्डावर कोणत्या कंपनीची पट्टी, कोणत्या बॅचची, कोणत्या वाटेने घातली, यांतलं काहीच नाही. पट्टीच्या खोक्यात नंबर असलेला स्टिकर येतो. तो कार्डावर चिकटवायचा असतो. गॅस सिलिंडरच्या पावतीवर नंबर असतो हो. मावशीच्या शरीरात आयुष्यभरासाठी ठेवलेल्या वस्तूला नाही. पुढच्या सर्जनने अंधारात हात घालायचा.

मी तिला एक वही दिली. तीन दिवस, किती प्याली, केव्हा गेली, केव्हा सुटली, तेव्हा काय करत होती. मावशी चौथी शिकलेली, सगळं नीट लिहिलं, एका ठिकाणी ‘हसली’ असं लिहून पुढे कोण काय बोललं तेही लिहिलं. त्या वहीत स्पष्ट दिसत होतं की निम्म्या वेळा खोकला-ओझं होतं आणि निम्म्या वेळा नळ आणि दार. दोन्ही प्रकार. दहा रुपयांच्या वहीने जे सांगितलं ते दोन ऑपरेशनं आणि एक कर्ज यांनी सांगितलं नव्हतं. नंतर तिला नागपुरात दुसरीकडे दाखवलं. मूत्राशय भरत असताना आतला दाब मोजायची चाचणी झाली. आता घाईसाठी गोळी चालू आहे, माझ्याकडे व्यायाम चालू आहेत, तीन महिन्यांनी ठरवायचं की तिसऱ्यांदा टेबलावर जायचं का. मौसाजी म्हणतात, आता एक रुपया नाही. मावशी म्हणते, माझ्या जिवावर दोनदा झालं, तिसऱ्यांदा मीच ठरवणार.

तिच्यापुढे वाटा आहेत. पुन्हा पट्टी बसवता येते. प्लास्टिक नको असेल तर तिच्याच पोटाच्या स्नायूंवरच्या आवरणातून किंवा मांडीतून पट्टी काढून वापरता येते. मूत्राशयाची मान टाक्यांनी वर बांधायची बर्च यांची शस्त्रक्रिया १९६१ पासून आहे, पूर्वी पोट उघडून करायचे, आता दुर्बिणीतून होते. नळीच्या भिंतीत जेलचं इंजेक्शन देता येतं, ते सगळ्यात सोपं, पण पुन्हा पुन्हा द्यावं लागू शकतं. सांगायचा मुद्दा हा की दुसऱ्यांदाच्या शस्त्रक्रियेला पहिल्याइतकं यश येत नाही. म्हणून पहिली नीट विचार करून व्हायला हवी. तीच घाईघाईत होते.

पट्टीबद्दलही नीट बोलू, कारण या विषयावर मोबाइलवर दोन टोकांचं मिळतं. ही पद्धत १९९०च्या दशकाच्या मध्यावर स्वीडनच्या उल्मस्टेन यांनी बसवली. साधारण एक सेंटिमीटर रुंदीची जाळीदार पट्टी, योनिमार्गात एक छोटा छेद, बाहेर दोन त्याहून छोटे, अर्ध्या तासाचं काम. २००१ मध्ये फ्रान्सच्या दलोर्म यांनी ती मांडीच्या बाजूने न्यायची वाट दाखवली. पट्टी पॉलिप्रोपिलीनची. आमच्या राइस मिलमधून तांदूळ ज्या विणलेल्या पोत्यांत बाहेर पडतो, त्याच जातीचं प्लास्टिक, वैद्यकीय दर्जाचं. योग्य बाईला, योग्य हाताने बसवली तर ती उत्तम काम करते. नॉर्डिक देशांत पहिल्या खेपेच्या बायकांना १७ वर्षांनी पुन्हा बोलावून तपासलं, तेव्हा आलेल्यांपैकी दहातल्या नऊ जणी तपासणीत कोरड्या होत्या.

मात्र काही जणींना हीच पट्टी छळते. आतून घासते, बाहेर येते, दुखत राहते, संबंध अशक्य होतात, काढायला गेलं तर पूर्ण निघत नाही. स्कॉटलंडमध्ये अशा बायका संसदेपर्यंत गेल्या आणि २०१४ मध्ये या शस्त्रक्रिया थांबवायला लावल्या. इंग्लंडने जुलै २०१८ मध्ये थांबवल्या. बॅरोनेस कम्बरलेज यांच्या समितीचा अहवाल जुलै २०२० मध्ये आला. त्यात शेकडो बायकांनी सांगितलेली एकच गोष्ट होती, की आम्ही दुखतंय म्हणत होतो आणि डॉक्टर म्हणत होते, बायकांचं असंच असतं. किती जणींच्या शरीरात पट्टी आहे याचा धड हिशेब त्या श्रीमंत देशाकडेही नव्हता. यादी ठेवा, ही त्या अहवालाची एक मुख्य मागणी होती.

यावरून ‘पट्टी म्हणजे विष’ असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. आणि ‘वीस मिनिटांत आयुष्य बदला’ म्हणणाऱ्या पॅकेजवाल्यांशी तर मुळीच नाही. दोघेही बाईला न तपासता बोलतात. नॉर्डिक बायकांना १७ वर्षांनी बोलावलं गेलं. मावशीला टाके बघायला एकदा बोलावलं, मग कोणी फोनही केला नाही. तिची पट्टी निकामी झाली हे आज कुठल्या नोंदीत आहे? कुठल्याच नाही. त्या दवाखान्याच्या लेखी ती बरी झालेली बाई आहे, कदाचित फलकावरच्या हजारोंच्या आकड्यात धरलेली. वैद्यकीय उपकरणांमुळे झालेला त्रास कळवायला केंद्र सरकारचा मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम २०१५ पासून चालू आहे, त्याचं केंद्र गाझियाबादला आहे. मी ज्या ज्या बाईला हे सांगितलं, तिने आधी विचारलं, गाझियाबाद कुठे आलं.

शस्त्रक्रियेच्या आधी काय करायचं असतं ते तर इतकं स्वस्त आहे की त्यात कोणाला कमाई दिसत नाही, आणि माझा संशय असा की म्हणूनच ते होत नाही. ब्रिटनमधली मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की पहिले तीन महिने देखरेखीखाली झोळीच्या स्नायूंचे व्यायाम द्या, दिवसातून तीनदा, दर वेळी निदान आठ वेळा आवळणं. केगेल नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९४८ साली हे मांडलं, नवीन काही नाही. २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात दाबाने लघवी सुटणाऱ्या बायकांपैकी व्यायाम करणाऱ्या ५६ टक्के जणींनी आपण बऱ्या झालो असं सांगितलं, न करणाऱ्यांत फक्त ६ टक्के. देखरेख हा शब्द महत्त्वाचा. रील पाहून करणाऱ्या निम्म्या मुली पोट आणि मांड्याच आवळत असतात, श्वास धरून, आणि झोळीवर उलटा दाब देतात. एकदा कोणीतरी हात ठेवून शिकवावं लागतं. ज्यांना हे पुरत नाही त्यांना शस्त्रक्रिया हवीच, आणि ती जिल्ह्यातच हवी. पण व्यायामाने बरी होणारी बाई पट्टीच्या रांगेत उभी करायची आणि पट्टी हवी असलेल्या बाईला ‘वय झालं’ म्हणायचं, हे दोन्ही एकाच वेळी आपल्याकडे चालू आहे.

मला ऐकवलं जातं की गोंदियासारख्या जिल्ह्यात सिकलसेल आहे, कुपोषण आहे, बाळंतपणात बायका मरतात, तिथे हे काय घेऊन बसलीस. हे म्हणणारे बहुतेक वेळा पुरुष असतात आणि बहुतेक वेळा नागपूर-पुण्यात राहणारे असतात. धान कापणारी बाई भारा उचलू शकत नसेल तर तिची मजुरी बुडते. ती पाणी पीत नसेल तर तिला मूत्रसंसर्ग आणि खडे होतात. आणि हे काही झालं नाही तरीही, नुसतं कोरडं राहावंसं वाटणं हे पुरेसं कारण आहे. कोणाच्या तरी मरणाशी तुलना करून मगच बाईची तक्रार ऐकायची, हा कुठला हिशेब? सरकारी हिशेबातही हीच गंमत. जुलै २०१८ मध्ये सॅनिटरी नॅपकिनवरचा जीएसटी शून्य झाला, सगळ्यांनी स्वागत केलं, मीही केलं. मोठ्यांच्या डायपरवर मात्र १२ टक्के राहिला आणि २०२५ मध्ये तो ५ वर आला. पाळीबद्दल बोलायला आपण आता शिकलो आहोत, पाळी गेल्यानंतरच्या बाईबद्दल अजून नाही.

मागायचं ते फार मोठं नाही. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, बायकांसाठी बाई गंगाबाई रुग्णालय आहे. आठवड्याचा एक वार ठरवा आणि दारावर मराठीत, हिंदीत पाटी लावा, ‘लघवी सुटणाऱ्या बायकांची तपासणी’. ‘युरोगायनॅकॉलॉजी’ लिहिलं तर कोणी येणार नाही. खोकून पाहणं, तीन दिवसांची वही, लघवीची तपासणी, लघवी केल्यावर किती उरते त्याची सोनोग्राफी, एक फिजिओथेरपिस्ट, एक पडदा. ज्यांना पट्टी लागेल त्यांची यादी करून महिन्याला एक दिवस शिकलेला सर्जन नागपूरहून आणा. दुर्बीण घेऊन डॉक्टर जीपने गावोगाव फिरवता येतात हे आपण चाळीस वर्षं पाहिलंच आहे. प्रत्येक पट्टीचा स्टिकर कार्डावर, आणि वर्षाने फोन करून बोलावणं. खासगी दवाखान्यांनाही हेच लागू.

तुमच्यापैकी जे गावापासून लांब आहेत त्यांनी आईला फोनवर हे विचारू नका, ती ‘नाही’ म्हणेल. दिवाळीला घरी गेलात की एकटी असताना विचारा, शक्यतो मुलीने किंवा सुनेने. दवाखान्यात तुम्ही सोबत असाल तर ऑपरेशनच्या आधी तीन गोष्टी विचारा. प्रकार कोणता आहे? तीन महिने व्यायाम झाला का? पट्टीचा नंबर कार्डावर येणार का? डॉक्टर चिडले तर चिडू द्या.

आणि आशाताईंच्या फॉर्ममध्ये एक ओळ वाढवा: खोकताना, हसताना, ओझं उचलताना किंवा मोरीपर्यंत पोहोचण्याआधी लघवी सुटते का, हो किंवा नाही. ‘हो’ म्हणणारीला त्या वाराची चिठ्ठी द्या. हा प्रश्न घाईत विचारता येत नाही, चहा घेत विचारावा लागतो, सासू मागच्या दारी गेली की विचारावा लागतो. तेव्हा त्याचे पैसे आशाताईला वेगळे द्या. तिच्या यादीत आधीच फुकटची कामं पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या किती जणींची स्वतःची लघवी सुटते, तेही याच निमित्ताने विचारून घ्या.